झाडून काढल्यासारखी काच

"दादा, बाकावर बस, तासाभरात आकडा हातात देते," असं भावाला सांगून ताई लॅबमध्ये शिरल्या, त्याला तास उलटून गेला होता. दादाच्या पोटात गाठ होती. बारापर्यंत तांबड्या पेशींचा आकडा सर्जनकडे गेला तर उद्या ऑपरेशन. नाहीतर तारीख महिनाभर पुढे.

आणि मायक्रोस्कोपखाली पेशी औषधालाही सापडेना.

मोजणीच्या काचेवरचे बारीक चौकोन झाडून काढलेल्या अंगणासारखे मोकळे. ताईंनी चष्मा पुसला. काच धुतली. नव्याने थेंबभर रक्त घेऊन सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, मिसळलं. पुन्हा शुकशुकाट. बरं, नळीतलं पाणी तर लालचुटूक! बावीस वर्षं रक्त मोजणाऱ्या बाईची मती गुंग झाली. मघाशीच हा चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होता, आणि ह्याच्या अंगात... पुढचा विचार करवेना.

शेवटी त्यांनी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. बाईंनी नळी वर्तमानपत्रासमोर धरली.

"ताई, आरपार वाचता येतंय. पेशी शाबूत असत्या तर गढूळ दिसलं असतं. मिसळलंत कशात?"

"सलाइनमध्येच. झाकणावर लिहिलंय बघा."

बाईंनी बाटलीतला थेंब काचपट्टीवर सुकवला. मिठाचा डाग उरला नाही.

"नुसतं शुद्ध पाणी आहे हे. झाकणं धुतली होतीत?"

धुतली होती. काल, सगळी एकाच टबात. बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या, आणि नाव फक्त झाकणावर लिहायची ताईंची जुनी खोड. झाकणांची अदलाबदल झाली होती.

"पेशीचं आवरण म्हणजे स्निग्ध पदार्थाचे दोन पातळ थर," बाई म्हणाल्या. "त्यात पाण्यापुरत्या चिमुकल्या वाटा. मिठाला तिथून जाता येत नाही. आत खारं, बाहेर नुसतं पाणी. मग पाणी आत शिरतच राहतं. पेशी फुगते, फुटते, रंग बाहेर सांडतो."

"पण पाण्याला आत जा म्हणून सांगतं कोण?"

"कुणी नाही. ते दोन्हीकडे जा-ये करतच असतं. आत जाणारं जास्त, बाहेर येणारं कमी, इतकंच."

ताईंनी मान डोलावली, पण डोक्यात उजेड पडेना. ढकलणारा नाही, ओढणारा नाही, आणि घर मात्र फुटतं! देवाची करणी म्हणावी, की आपल्या झाकणाची?

खऱ्या सलाइनमध्ये मिसळल्यावर काच पेशींनी गजबजली. घन मिलिमीटरला सत्तेचाळीस लाख. बाराच्या आत ताईंनी सर्जनला फोनवर आकडा सांगितला आणि त्या बाहेर आल्या.

"रक्त उत्तम आहे, दादा."

"मग इतका वेळ काय करत होतीस?"

"आधी पेशीच दिसेनात. पाण्यात फुटल्या होत्या."

"माझ्या?" दादा ताईंच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ऑपरेशन नाही ना उद्या?"

"आहे. सकाळी सातला."

दादाचा चेहरा पडला. ताई शेजारी टेकल्या. जीव भांड्यात पडला होता, तरी हसावं की ह्याचा हात धरावा, ते त्यांना कळेना. त्यांनी हात धरला.