मगरोबाचे दात

बालवाडीच्या छोट्या गटातल्या त्या पोराला अजून चार वर्षंही पुरी झाली नव्हती, पण पालकांमध्ये त्याचा दरारा एखाद्या नामचीन गुंडासारखा होता. तो चावायचा. दंडाला चावायचा, मनगटाला चावायचा आणि चावून झालं की समोरच्याच्या तोंडाकडे असा बघत राहायचा, जणू आता टाळ्याच पडणार आहेत. वर्ग झाडणाऱ्या मावशींनी त्याचं मगरोबा असं बारसं केलं होतं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

साध्यासुध्या आईबापांची पोरं चावून होईपर्यंत प्रकरण निभावलं. मग त्यानं दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलीला गाठलं. डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या दंडावरचे वळ निरखून पाहिले, दातांची ठेवण उत्तम आहे असा निर्वाळा दिला आणि मग आकाशपाताळ एक केलं. शुक्रवारी बैठक ठरली. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी छोट्या गटाच्या ताईला बोलावून बजावलं, की तोवर या पोरावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेव. तो का चावतो ते सांगता आलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून त्यानं यायचं नाही.

 ताईला मगरोबा आवडायचा. का आवडायचा ते विचारलं असतं तर तिची पंचाईत झाली असती, म्हणून ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

कारणांचा तर नुसता सुकाळ होता. मोठ्या बाईंच्या मते टीव्ही, मावशींच्या मते जंत, आणि पाहुणे म्हणून येऊन गेलेल्या सल्लागारांच्या मते दडपलेला राग. सल्लागारांनी मगरोबाला पाच मिनिटं पाहिलं होतं, त्यातली तीन तो शौचालयात होता. त्याचे वडील बँकेत अधिकारी. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी कर्जाचा अर्ज नाकारावा तशा आवाजात सांगितलं, की आमच्या घरी असले प्रकार चालत नाहीत.

निरीक्षण करणाऱ्यानं भिंत व्हावं, असं ताईला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ती कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत भिंत होऊन बसली. पोरांनीही तिला मुकाट्यानं भिंत मानलं. एकीनं तिच्या बाहीला नाक पुसलं, दुसऱ्यानं तिच्या पाठीवर खडूनं घर काढलं आणि दाराला कडीही लावली. ताई हूं की चूं न करता मगरोबाकडे बघत राहिली. तो सकाळभर एक गाडी खिडकीच्या कट्ट्यावरून चालवत होता. त्याच्या रागाचा कुठे मागमूसही नव्हता.

मग पलीकडे एकाचा ठोकळ्यांचा मनोरा कोसळला आणि तो मुसमुसायला लागला. मगरोबानं गाडी ठेवली. वाटेत तीन-चार गुबगुबीत दंड आयतेच समोर आले, त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता तो सरळ त्या रडणाऱ्या पोरापाशी गेला, त्याचा हात हळूच उचलला आणि चावला. मग जे भोकाड पसरलं गेलं, ते ऐकून मावशी धावत आल्या.

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या वर्गात कुणी ना कुणी कायम रडतच असतं, त्यामुळे बारीक रडणं कुणाच्या कानातच शिरत नाही. मोठी माणसं मोठ्या भोकाडाला धावतात आणि समजतात, की हा चावला म्हणून तो रडला. इथे तर आधी रडणं होतं, चावणं नंतर. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. पण त्याचा अर्थ काय, हे काही तिला उलगडेना.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून वडिलांनी आरोपीलाही सोबत आणलं होतं. तो दारापाशी जमिनीवर गाडी फिरवत बसला. ताईनं आपलं म्हणणं मांडलं, की तो फक्त रडणाऱ्यालाच चावतो.

"म्हणजे दुबळं सावज हेरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

 मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला आणि वडिलांना म्हणाल्या, की आमचा नाइलाज आहे. वडिलांनी टायची गाठ चाचपली आणि नुसती मान हलवली. ते बघून ताईचं डोकं फिरलं. आणि राग आला की तिला रडू यायचं, ही तिची जन्माची खोड होती. भांडायच्या ऐन वेळी तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

गाडीचा आवाज थांबला. मगरोबा उठला, टेबलाला वळसा घालून आला, त्यानं ताईचा हात उचलला आणि दंडाला कडकडून चावला.

"बघा, बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई बघतच होती. कळ थेट मस्तकात गेली होती, पण दात रुतलेले असतानाच ते पोर मान वर करून तिचा चेहरा न्याहाळत होतं, मोठ्या आशेनं. ही हसेल, आता हसेल, अशी वाट बघत होतं.

"हा घरी रडला की तुम्ही काय करता?" तिनं वडिलांना विचारलं.

वडील कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, पण दार लांब होतं.

"मी... त्याला खातो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

"म्हणजे खोटं खोटं. हॅम हॅम करून. लगेच हसतो तो. दात नाही लावत हो, ओठ आत घेतो मी."

"हे त्याला माहीत आहे का?" ताईनं विचारलं.

वडिलांचा हात आपल्याच ओठांकडे गेला. खाल्ल्या जाणाऱ्याला आतलं काय दिसणार? त्याला एवढंच कळलं होतं, की रडणाऱ्या माणसाला चावलं की ते हसतं. इथली माणसं का हसत नाहीत, हे त्याला कळत नव्हतं, म्हणून बिचारा रोज नव्या माणसावर नेटानं प्रयत्न करत होता.

त्याला दाखवा, असं ताईनं सांगितल्यावर अधिकाऱ्यांनी टाय खांद्यावर टाकला, ते जमिनीवर बसले आणि त्यांनी तीन बायकांदेखत लेकाला हॅम हॅम करून खाल्लं. मग ओठ तसेच ठेवून त्याचं बोट आपल्या तोंडात घातलं. मगरोबानं आत चाचपून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून पुन्हा चाचपलं. मग बोट काढलं, पँटला पुसलं आणि दोन्ही हातांनी आपले ओठ दातांवर दुमडून घेतले.

तसाच, ओठ धरून, तो ताईकडे वळला. तिचे गाल अजून ओलेच होते. त्यानं हात सोडले आणि तिचा दुसरा दंड तोंडात धरला. दात लागले नाहीत. तो वर बघत थांबला. ताई हसली, खूप हसली, आणि त्याला पुन्हा खाता यावं म्हणून आणखी थोडी रडली.