चार वाजताचं शून्य

मी एक जुनी पेटी आहे. कंपनीच्या गोदामात धूळ खात पडले आहे, पण कुणी माझी कीव करू नये. बारा वर्षं मी एका घरात टीव्हीशेजारी बसून ताठ मानेने नोकरी केली. कोण काय बघतं ते मोजायचं आणि रोज कंपनीला कळवायचं, हे माझं काम.

मित्रांनो, मी दिसायला वहीएवढी, पण माझा रुबाब मोठा. घरोघरी पेट्या बसवणं परवडत नाही, म्हणून कंपनी हजारो घरांमागे एकच घर निवडते. आमच्या घरातल्या आजोबांनी एखादा कार्यक्रम बघितला, की हजारो आजोबांनी बघितला असं धरत. त्या आकड्यावर जाहिरातींचे दर ठरत आणि जाहिराती आटल्या की कार्यक्रम गुंडाळला जाई. माझ्यावर तीन बटणं होती: आजोबांचं, सूनबाईंचं आणि नातीचं. टीव्हीसमोर बसताना ज्याने त्याने आपलं बटण दाबायचं.

आजोबा शिंपी होते, आता मशीन बंद केलं होतं. दुपारी चार वाजता एक मास्तर टीव्हीवर मोडक्या वस्तू दुरुस्त करून दाखवत. आजोबा चष्मा पुसून, बटण दाबून बसत आणि अर्धा तास मास्तरांच्या चुका काढत. त्या कार्यक्रमावर त्यांचा भारी जीव.

एके दिवशी दुसऱ्या वाहिनीचा माणूस आला. पेटी कुठल्या घरात आहे हे गुपित असतं, ते त्याला कसं कळलं देव जाणे. जिभेवर नुसती साखर. नवा मोठा टीव्ही देतो म्हणाला, फक्त दिवसभर आमची वाहिनी लावा आणि तिन्ही बटणं दाबून ठेवा. आमच्या टीव्हीवर मधोमध हिरवी रेघ पडली होती. नात हरखली. सूनबाई नको म्हणत होत्या, पण आजोबांनी होकार दिला. आपला कार्यक्रम ते न्हाव्याच्या दुकानात बघणार होते.

झालं! रिकाम्या खोलीत टीव्ही कोकलत राहिला आणि मी तीन माणसं मोजत राहिले. अंगाचा तिळपापड होई, पण सांगते कुणाला?

दोन महिन्यांनी आजोबा दुकानातून आले ते चपलांसकट आत. प्रेक्षक नाहीत म्हणून मास्तरांचा कार्यक्रम बंद झाला होता. न्हाव्याकडे पेटी नव्हती, तिथे बसलेल्या आजोबांना कुणी मोजलंच नव्हतं. सूनबाईंनी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मास्तरांना मीच घालवलं."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या माणसाला बोलावून टीव्ही परत केला. तो हसून म्हणाला, काका, तुमच्या एका घराने काय फरक पडतो?

"फरक पडत नाही, तर टीव्ही कशाला दिलास?" आजोबांनी विचारलं. तो टीव्ही उचलून चालता झाला.

तेव्हापासून रेघवाला टीव्ही पुन्हा लागला, पण चारच्या ठोक्याला आजोबा तो बंद करत आणि हाताची घडी घालून अर्धा तास समोर बसत. मी कळवत असे: शून्य. हजारो घरांच्या वतीने शून्य! रोज नेमकं चारलाच शून्य का, पेटी बिघडली की काय म्हणून शेवटी कंपनीचा माणूस तपासायला आला. मी ठणठणीत होते.

"पेटी शाबूत आहे," आजोबा म्हणाले. "बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

मास्तर परत आले नाहीत. आजोबांनीही माघार घेतली नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असलं रडगाणं मी गाणार नाही. तुमचं बटण तेवढं जपा. ते कुणालाही, कितीही मोठ्या टीव्हीसाठी देऊ नका. आणि बघण्यासारखं काही नसेल, तर खुशाल शून्य पाठवा.