पडद्याचा वाटा

या, असे जवळ सरकून बसा. एका मुक्या यंत्राची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण मनाला लागेल.

भाचीने पेनड्राइव्ह पुन्हा खोचला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हाच तिचा धंदा. मामांच्या जुन्या कॉम्प्युटरने काल मान टाकली, म्हणून ती त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घालत होती. मामांना दिसत नसे. आलेला मजकूर हे यंत्रच त्यांना वाचून दाखवायचं. आणि आज सकाळीच डोळ्यांच्या इस्पितळातून फोन आला होता : ऑपरेशनबद्दलचं उत्तर मेलवर पाठवलंय.

"मेकॅनिकबाई, बोललं का आमचं गाढव?"

"नाही अजून. मामा, उद्या दुकानातून दुसरा कॉम्प्युटर आणू का?"

"उद्या कशाला? आजच ऐकायचंय. तुझी मामी वाचेल गं, पण ती कडू औषधात साखर कालवणारी. यंत्राला कसली आलीय माया? असेल ते तोंडावर सांगेल."

दारात उभी मामी हसली. हातातलं कोरडंच फडकं पिळत राहिली.

वाचून दाखवणाऱ्या आवाजासकट लिनक्स चढवायला घेतलं की मेमरी पुरेना, गाडं अर्ध्यात अडे. कॉम्प्युटर सुरू होतानाच मेमरीचा मोठा वाटा पडद्यावरच्या चित्रांसाठी काढून ठेवत होता. भाचीने सेटिंग उघडलं. नेमकी तीच ओळ करड्या रंगाची. बाण वर दाबला, खाली दाबला, ओळ ढिम्म. बनवणाऱ्याने कुलूप घातलं होतं आणि किल्ली ठेवलीच नव्हती. तिने मामांना ही अडचण सांगितली.

"म्हणजे आंधळ्याच्या घरी आरशाचा थाट!" मामा खो खो हसले.

भाचीला हसू फुटेना. शेवटी तिने आवाज वगळला. मग मात्र लिनक्स निमूट चढलं. सगळं झकास, फक्त वाचा नाही.

तिने मेल उघडली. मामीने चष्मा लावला, खुर्ची ओढून घेतली.

पडद्यावर दोनच ओळी होत्या. तपासण्या पाहिल्या. ऑपरेशनचा उपयोग होणार नाही.

मामीचे ओठ हलले, थांबले.

"तपासण्या पाहिल्या," ती वाचू लागली. "अजून एकदा... बघावं लागेल म्हणतायत. आशा सोडू नका, असं लिहिलंय."

मामांनी मान वळवली ती भाचीच्या दिशेने.

"पोरी, तुझ्या डोळ्यांसमोर आहे ना? असंच लिहिलंय?"

मामीने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त तिच्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता.

"हो मामा," भाची म्हणाली. "असंच."

"बरं."

मामांनी चाचपडत बटण शोधलं आणि पडदा बंद केला.

रात्री देवाला हात जोडाल, तेव्हा मामा-मामी तर आठवतीलच. पण बाबांनो, त्या भाचीचीही एकदा आठवण काढा.