आत घेतलेली शिलाई

मित्रांनो, कोपऱ्यात चादरीखाली जे लोखंडी धूड दिसतं, ती मी, एक जुनी शिलाई मशीन. कारखान्यातून नवी कोरी आले तेव्हा अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. ती केव्हाच पुसली गेली, कुरकुर तेवढी वाढली. माझी मालकीण गल्लीभरचे कपडे शिवायची. 'बाई, तुझ्या हातचा कपडा अंगावर कसा चपखल बसतो,' असं गिऱ्हाईक म्हणालं, की मीही मनातल्या मनात फुगायचे.

तिला थायरॉइडचा त्रास जुनाच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. मग छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि हार्मोनला अडवून धरणारी दुसरी गोळी सुरू झाली, ती कितीतरी वर्षं चालली. तिच्यामुळे थायरॉइडची गोळी कमी पडू लागली, म्हणून थायरॉइडच्या डॉक्टरांनी डोस वाढवला. पुढे कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'आमची गोळी आता बंद.' मालकीण जवळजवळ नाचतच घरी आली. वाढवलेला डोस मात्र तसाच राहिला. थायरॉइडची तर साधी गोळी, तिच्याकडे कोण बघतो?

काही महिन्यांतच मालकीण अंगाने झडू लागली. जेवण रोजचंच, पण कपडे ढगळ. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचे, पायडलवरचा पाय उगाचच पळायचा. तिचं धाबंच दणाणलं. तिला वाटलं, तेच दुखणं परत आलं. मुलीला कळू नये म्हणून ती काय करायची, ठाऊक आहे? मुलगी कामावर गेली, की स्वतःचे कपडे उसवून शिलाई आत घ्यायची. थोडे दिवस गेले, की पुन्हा आत. ते टाके मीच घालत होते. मला भडभडून यायचं, पण लोखंडाला कोण विचारतो?

"आई, तुझे हात का थरथरतात गं?" मुलीने एकदा विचारलंच.

"काही नाही. वय झालं आता. तू डबा घे आणि नीघ, उशीर होतोय."

मुलगी निघाली. कॅन्सरची पुढची तपासणीही मालकिणीने टाळली. 'मला ऐकायचंच नाही,' असं शिवता शिवता पुटपुटायची. आणि एका दुपारी तिचा उजवा हात कापडावरून घसरला, ती माझ्यावरच कोसळली.

हॉस्पिटलातून आल्यावर मुलगी शेजारच्या मावशींना सांगत होती. कॅन्सरचा कुठेही मागमूस नव्हता. दुसरी गोळी बंद झाल्यावर रक्त तपासून थायरॉइडचा डोस कमी करायचा राहून गेला. जास्तीच्या डोसाने काळजाचे ठोके बिघडले, रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. आता उजवा हात उचलला जात नाही.

"म्हणजे नुसतं विचारलं असतं, तरी भागलं असतं?" खाटेवरून मालकीण बोबड्या जिभेने म्हणाली.

मित्रांनो, मला तेल घालायला विसरलात तरी एक वेळ चालेल. पण घरात कुणाची एक गोळी बंद झाली, तर दुसरीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि आपल्या माणसाचे हात थरथरत असतील, तर 'काही नाही' एवढ्यावर निघून जाऊ नका. उशीर झाला तरी होऊ दे. तिथेच बसा आणि पुन्हा विचारा.