भांगातला बांध

भांडण बांधाला पडलेल्या भगदाडावरून होतं. म्हणजे भगदाड पडलंय की नाही यावरून नव्हे. ते पडलंय याबद्दल दोघा भावांचं एकमत होतं, आणि वाटण्या झाल्यापासून त्यांचं एकमत झालेली ती एवढीच गोष्ट. भांडण होतं ते भगदाड कुणाचं, यावरून.

खाडीला लागून दोघांची शेतं. मातीचा लांबलचक बांध एकच; अलीकडं भात, पलीकडं खारं पाणी. बापानं अर्धा बांध थोरल्याला दिला, अर्धा धाकट्याला, आणि मध्ये खुणेचा दगड रोवला. खेकड्यांनी पोखरून पोखरून बांध नेमका त्या दगडाखाली खचवला.

"दगड तुझ्याकडं पडलाय," थोरला म्हणाला. "म्हणजे खचलंय तुझं."

"दगड उताराकडं पडतो, दादा. त्याला अक्कल लागत नाही."

"म्हणूनच तुझ्याकडं आला."

घरी येऊन थोरल्यानं बायकोला बजावलं, "आपल्यातल्या कुणी तिथं एक पाटी जरी माती टाकली, तर ते भगदाड आपलं झालं. कळलं?" थोरलीला कळलं. पलीकडच्या घरात धाकट्यानंही धाकटीला हेच बजावलं. मधली भिंत पातळ असल्यामुळं तेही थोरलीला कळलं.

थोरली माळावरची. तिच्या माहेरी पाणी विहिरीत असायचं आणि कुणी शेंदल्याशिवाय वर यायचं नाही. इथलं पाणी आपल्या पायानं घरी येतं, हे तिला इतकी वर्षं नांदूनही पटलेलं नव्हतं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की तीन-चार वर्षं गवतही उगवत नाही, हे मात्र तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. त्या वर्षांत ती लोकांच्या शेतात कामाला जायची.

सकाळी उजाडता उजाडता ती बांधावर गेली. बघते तर भरती असूनही पाणी लांबच थांबलेलं. भगदाडापर्यंत आलंच नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"वाचलो गं बाई," ती म्हणाली.

"अजून नाही, जाऊबाई." धाकटी तिच्या आधीच येऊन बसली होती. होडीवाल्याची लेक ती. "हा भांग आहे."

थोरलीचा हात आपसूक केसांकडं गेला.

"तो भांग नव्हे. पाण्याचा. वर बघा." डोक्यावर अर्धा चंद्र होता, ताकासारखा फिकट. सूर्य पूर्वेला नुकता निघत होता. "पाण्याला चंद्र ओढतो, सूर्य पण ओढतो. आज एक डोक्यावर, एक कडेला. ओढाताणीत पाणी फार चढत नाही. अमावास्येला दोघं एका अंगाला येतात. मग उधाण."

"आणि दिवसातून दोनदा कशाला येतं?"

"आपणच फिरतो ना जमिनीसकट. एकदा चंद्राच्या तोंडासमोरून जातो, एकदा त्याच्या पाठमोरं."

"पाठमोरं असताना पाणी का चढावं?"

"ते मलाही नीट कळलेलं नाही," धाकटी म्हणाली. "पण चढतं."

थोरलीला या उत्तरानं धीर आला. सगळं कळणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नव्हता.

"अमावास्येपर्यंत माती धरेल?"

"आज घातली तर."

दुपारी ओहोटीला दोघी पाट्या घेऊन आल्या. चिखल, पेंढा, परत चिखल, पायानं तुडवायचा. घरी सांगायचं, गवताला जाते. पण चंद्र रोज उशिरा उगवायचा, त्यामुळं ओहोटीही उशिरा लागायची, आणि गवतही रोज उशिरा कापावं लागायचं.

"परवा जेवून लगेच गेलीस. आज उन्हं कलल्यावर?" थोरल्यानं विचारलं.

"परवा ऊन फार लागलं," थोरली म्हणाली. त्यानं भाकरी मोडली. गवत कुठं आहे, हे त्यानं विचारलं नाही.

अमावास्या तोंडावर आली तसं पाणी बांधाच्या पायाला लागायला लागलं. नवी माती फुगली आणि एका अंगानं घसरली. इतक्या दिवसांचा चिखल थोरलीच्या डोळ्यांदेखत परत चिखल झाला होता.

"खुंट्या ठोकल्याशिवाय राहायचं नाही हे," धाकटी म्हणाली.

"खुंट्या कुठून आणायच्या?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. दोन अंगणांच्या मध्ये भावांनी कुंपण घातलं होतं. चांगल्या जाडजूड लाकडाचं. भांडणासाठी दोघांनीही कधी हात आखडता घेतला नव्हता. अमावास्येला सकाळीच भाऊ बाजाराला गेले आणि कुंपण बांधावर गेलं.

भर दुपारी उधाण आलं. वारा नव्हता, लाट नव्हती. पाणी नुसतं चढत राहिलं. दोघे भाऊ बाजारातून थेट येऊन आपापल्या अर्ध्या बांधावर उभे. दोघी जावा मध्ये. पाणी खुंट्यांच्या डोक्यांना लागलं, मग खुंट्या दिसेनाशा झाल्या. बांधाच्या माथ्याखाली वीतभर जागा उरली, मग चार बोटं. थोरलीनं धाकटीचं मनगट धरलं होतं, ते कधी धरलं हे तिला आठवत नव्हतं. पाणी तिथं थांबलं. बराच वेळ विचार केल्यासारखं थांबलं, आणि मग उतरायला लागलं.

खुंट्यांची डोकी वर आली तशी थोरल्यानं मान पुढं काढली.

"हे माझं कुंपण आहे."

"तुझं कसं? लाकूड मी आणलं," धाकटा म्हणाला.

"ठोकलं मी. माझ्या खुंट्या, म्हणजे हा बांध माझा."

"तुझा असता तर खचलाच असता."

दोघी बांधावर टेकल्या. पाय चिखलानं भरलेले, पाठी मोडलेल्या.

"चंद्र कुठाय आता?" थोरलीनं विचारलं.

"तिकडंच, सूर्याच्या शेजारी. दिसत नाही."

"दोघं एका बाजूला आले की एवढं करतात?"

"करतात."

थोरलीनं वळून नवऱ्याकडं आणि दिराकडं बघितलं.

"मग आपले दोघं लांब आहेत तेच बरं," ती म्हणाली, आणि एका जागी पाणी झिरपत होतं तिथं टाचेनं चिखल दाबायला लागली.