सिंकखालचा एक तास

चार वर्षांत प्लंबरने सत्तावीस घरं पाहिली आणि सत्तावीसही नाकारली. एकात भिंतीला ओल होती, एकात गच्चीचा उतार उलटा होता, आणि एकात सगळंच ठीक निघालं म्हणून त्याला संशय आला.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. काम चिकाटीचं, बाई धीराची. पण धीरालाही अंत असतो. दोघांची कामं नीट चालली होती, गाठीला शिल्लक होती, बँकेनेही मान डोलावली होती. घोडं अडलं होतं ते नवऱ्यापाशी. वेळ आली की आपलं आपल्याला कळतं, असं तो म्हणायचा. कसं कळतं, असं विचारलं की डोकं खाजवायचा.

इकडे भाड्याच्या घरात मोरीचा गळका नळ चिंधी बांधून ठेवलेला. घर मालकाचं, मालक बघेल, हे त्याचं ठरलेलं उत्तर. आठ वर्षांची लेक तर शाळेत सांगून आली होती की बाबा नळांचे डॉक्टर आहेत, पण घरी तपासत नाहीत.

अठ्ठाविसावं घर एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर अंगण. बाई आता बहिणीकडे राहायला जाणार होत्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. सिंकखाली पाणी गळतं, वारा सुटला की मागची खिडकी रात्रभर बडबडते, हे त्यांनी नवरा-बायको आणि लेक दारात चपला काढत असतानाच सांगून टाकलं.

प्लंबरने नेहमीप्रमाणे भिंती ठोकल्या, मग सिंकखाली डोकं घातलं. बायको दाराशी उभी राहिली. आता बाहेर येईल आणि नकारघंटा वाजवेल, हे तिला पाठ होतं. घरी जाताना भाजी कुठली घ्यायची, याचा ती विचारही करू लागली.

तो बाहेर आला आणि सरळ स्कूटरकडे गेला. परतला तो हत्यारांची पिशवी घेऊन. बाईंना मेन कॉक कुठे आहे ते विचारून त्याने पाणी बंद केलं आणि पुन्हा सिंकखाली आडवा झाला.

"अहो, घर अजून माझं आहे," बाई हसत म्हणाल्या.

"हो बाई," आतून आवाज आला. काम काही थांबलं नाही.

तासभर फक्त त्याचे पाय दिसत होते. बायको पाना देत होती, बाई टॉर्च धरून होत्या आणि लेक अंगण पावलांनी मोजत होती. मध्येच तो पुटपुटला, "हा पाइप इथून न्यायलाच नको होता. पुढे आपण तो भिंतीकडून वळवू."

बायकोचा पाना देणारा हात तसाच राहिला. सत्तावीस घरांत तो 'यांनी' म्हणाला होता, 'लोक' म्हणाला होता. 'आपण' एकदाही नाही. ती खाली वाकली.

"बाईंना विचारू का, घर कधी रिकामं करणार?"

आत खुडबुड थांबली. मग गंजाने माखलेलं तोंड बाहेर आलं. तो स्वतःच चकित झाल्यासारखा दिसत होता.

"विचार," तो म्हणाला. "नाहीतर दुसरं कोणी घेईल."

बाईंनी मजुरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. मग त्याबदल्यात त्यांनी घरातली शिडी घरासोबतच ठेवून जायचं कबूल केलं.

दोन महिन्यांत कागदपत्रं झाली. सामान आलं त्या सकाळीच प्लंबरने हौसेने घरातले सगळे पाइप उघडून ठेवले. दुपारपर्यंत होईल म्हणाला. संध्याकाळ झाली तरी घरात घोटभर पाणी नव्हतं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून दोन बादल्या दिल्या आणि घरात पुरुषमाणूस काय काम करतो, अशी चौकशी केली. लेकीने मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते ऐकून बायको हसता हसता उघड्या पाइपांमध्ये फरशीवरच बसली, आणि प्लंबरही, हातातला पाना न सोडता, तिच्या शेजारी टेकला.