पुढच्या खोलीतल्या लेंड्या

नवरा गेल्यावर कोलेट बेल्जियमच्या किनाऱ्यावर, ओस्टेंडच्या फ्लॅटमध्ये दोन सशांबरोबर राहत होती. राखाडी जेफ आणि जायफळाच्या रंगाची मुस्कात. दोघंही बुटक्या जातीचे, एका उशीवर मावतील एवढे. दोघांची नसबंदी झालेली. दिवसभर घरात मोकळे हिंडायचे, पण शी-शूला न चुकता कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये जायचे. कोलेटला त्याचा भारी अभिमान. पाहुण्यांना सांगायची, "आमच्या फिर्मांपेक्षा स्वच्छ आहेत हो दोघं." फिर्मां म्हणजे तिचा नवरा. तो जिवंत असतानाही ती हे त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो हसायचा.

तिची थोरली बहीण लुटगार्ड आमच्या वेटेरनमध्ये, शेल्ड नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे, माझ्या शेजारी, त्यांच्या आईवडिलांच्या घरात राहायची. तिने लग्न केलं नाही. आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. आईला विसरण्याचा आजार झाला होता, शेवटी शेवटी ती लुटगार्डलाच विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" आई गेल्यावर लुटगार्ड त्या घरात एकटीच उरली.

सप्टेंबरात तिने कोलेटला फोन केला.

"इकडेच ये आता. दोघी म्हाताऱ्या, दोन गावांत दोन हीटर जाळत बसलोय. काय अर्थ आहे?"

"ताई, माझे ससे आहेत."

"मग? त्यांना काय समुद्रात सोडणारेस? आण की."

"तुला चालेल? खरं सांग हं. नाहीतर नंतर कुरकुर करशील."

"अगं चालेल म्हणजे काय! घरात काही हलताना तरी दिसेल."

कोलेटने फ्लॅट सोडला. पलंग विकला, कपाट पुतण्याला दिलं, फिर्मांची आरामखुर्ची शेजारणीला दिली. दोन बॅगा आणि सशांचा पिंजरा घेऊन ती वेटेरनला आली.

नव्या घरात ससे बिथरतात, हे तिला ठाऊक होतं. जागा आपली आहे हे ठरवायला ते जिथे तिथे लेंड्या टाकत सुटतात. म्हणून तिने घाई केली नाही. स्वयंपाकघरात जाळीचं छोटं कुंपण केलं, आत ट्रे ठेवला, ट्रेच्या वर गवताची टोपली टांगली, कारण सशाला खाता खाताच मोकळं व्हायची सवय असते. बाहेर पडलेली प्रत्येक लेंडी उचलून ती ट्रेमध्ये टाकायची, म्हणजे वासावरून त्यांना जागा कळेल. लघवीचा डाग पडला की व्हिनेगरने पुसायची. जेफने भलताच कोपरा धरला, तेव्हा त्याच्याशी न भांडता तिने ट्रेच उचलून त्या कोपऱ्यात ठेवला. ओरडणं नाही, मारणं नाही. हळूहळू कुंपण वाढवत नेलं, मग काढूनच टाकलं. ऑक्टोबर सरेपर्यंत दोघं पूर्वीसारखे शहाणे झाले.

"बघ ताई," कोलेट म्हणाली, "आता पूर्ण खालचा मजला त्यांचा."

"पुढची खोली सोडून," लुटगार्ड म्हणाली.

पुढची खोली म्हणजे पाहुण्यांची. आईचा गालिचा, काचेचं कपाट, चांगले कप. तिथे एरवी कोणी बसत नसे. दार बंदच असायचं.

नोव्हेंबरात एका सकाळी लुटगार्डने हाक मारली. "कोलेट, जरा इकडे ये गं. रागावू नकोस, पण बघ."

आईच्या गालिच्यावर लेंड्या पडल्या होत्या. दार उघडं होतं.

"मी दार लावलं होतं," कोलेट म्हणाली.

"लावलं असशील. नीट बसलं नसेल. जाऊ दे, मुकी जनावरं ती."

लुटगार्डने स्वतः केरसुणी आणली. कोलेट शरमेने लाल झाली होती. दोन दिवसांनी तेच झालं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी गालिच्यावर, प्रत्येक वेळी दार उघडं. कोलेट गुडघ्यांवर बसून व्हिनेगरने गालिचा पुसायची आणि लुटगार्ड तिच्यासाठी टेबलावरचा दिवा हातात धरून उभी राहायची. "तिकडे अजून एक दिसतेय बघ," असं सांगायचीसुद्धा.

एक गोष्ट कोलेटला कळेना. लघवीचा डाग एकदाही सापडला नाही. आणि लेंड्या नेहमीपेक्षा मोठ्या वाटत होत्या. तिच्या सशांच्या लेंड्या मिऱ्याएवढ्या असायच्या, या चांगल्या हरभऱ्याएवढ्या होत्या. ती घाबरून जेफला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, दात पाहिले आणि म्हणाले, काही झालेलं नाही, गवत बदललंय का? बदललं होतंच.

"आमच्या वेटेरनच्या गवतात जोर आहे," लुटगार्ड हसत म्हणाली.

एके संध्याकाळी कोलेटने पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं, मूठ दोनदा हलवून पाहिली आणि मोठ्याने म्हणालीही, "लागलंय हं ताई." सकाळी दार उघडं होतं आणि गालिच्यावर लेंड्या होत्या.

ती जिन्याच्या खालच्या पायरीवर मटकन बसली. "ताई, मी लावलं होतं. तुझ्यासमोर लावलं होतं ना?"

लुटगार्डने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "आईचंही असंच सुरू झालं होतं गं. दारं, नळ. ती पण शपथेवर सांगायची."

त्या दिवसापासून कोलेट स्वतःलाच तपासत राहायला लागली. गॅस बंद केला का, किल्ली कुठे ठेवली, फिर्मांच्या भावंडांची नावं काय. रस्त्यात चालताना ती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. गावातही बातमी पसरली होती. बेकरीतली बाई पाव कापताना म्हणाली, "सशांचं अजून चालूच का हो? लुटगार्ड सांगत होती, बिचारीला झेपत नाही म्हणून. आलूबुखार आणून ठेवू का, सशाच्या रश्श्यात घालायला?" दुकानातले सगळे हसले. कोलेटही हसली आणि बाहेर येऊन पावाची पिशवी छातीशी धरून रडली.

ससे द्यायचं बोलणं लुटगार्डने काढलं नाही, ते कोलेटनेच काढलं. लुटगार्ड फक्त म्हणाली, "तुला त्रास होत असेल तर… तुझ्या तब्येतीचं बघायला हवं ना आधी." शेजारच्या खेड्यात मुलांसाठी एक शेत आहे, तिथे शाळेतली पोरं येऊन बकऱ्या, कोंबड्या, ससे बघतात. कोलेटने दोघांना तिथे नेऊन सोडलं. निघताना मुस्कातने पिंजऱ्याच्या जाळीतून तिचं बोट चाटलं. घरी परतल्यावर लुटगार्डने ताजी कॉफी केली, बदामाची मातेनटार्ट कापून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आता कसं, निवांत." त्यानंतर गालिचा स्वच्छ राहिला. दारही बंद राहिलं.

उरलेलं गवत आणि ट्रेमध्ये घालायच्या लाकडाच्या भुशाच्या गोळ्या घेऊन कोलेट गल्लीच्या टोकाला रेमीकडे गेली. रेमी बीटच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा. मागच्या अंगणात तो फ्लेमिश राक्षसी ससे पाळायचा. कुत्र्याएवढे ससे, प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे. 

"या, या," रेमी म्हणाला. "ऐकलं मी, दिलेत म्हणे तुमचे पिटुकले. वाईट वाटलं."

कोलेटने पिशवी खाली ठेवली. खुराड्याखालचा पत्रा त्याने नुकताच ओढून बाहेर काढला होता. त्यात लेंड्यांचा ढीग होता. हरभऱ्याएवढ्या, गोल, फिकट तपकिरी.

ती बघतच राहिली.

"हव्यात का?" रेमी म्हणाला. "खत म्हणून एक नंबर. तुमची ताई बरणी भरभरून न्यायची. कुंड्यांना घालते म्हणाली. हल्ली मात्र आली नाही."

लुटगार्डच्या घरात एकही कुंडी नव्हती. खिडकीत होती ती कापडी फुलं. मातीने चौकट खराब होते असं तिचं म्हणणं.

"कधीपासून न्यायची?" कोलेटने विचारलं.

"झाले की बरेच दिवस. नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणानंतर असेल. का हो? बसा जरा, पांढऱ्याफटक पडलात."

कोलेट बसली नाही. तिने पत्र्यातली एक लेंडी उचलून रुमालात बांधली आणि घरी आली. लुटगार्ड स्वयंपाकघरात टेबलावर चिकोरीचे पांढरे कोंब चिरत होती. कोलेटने रुमाल सोडून लेंडी टेबलावर ठेवली.

"हे कोणाचं?"

लुटगार्डची सुरी थांबली. "शी! टेबलावर काय ठेवतेस?"

"गालिच्यावर ठेवताना शी वाटलं नाही?"

लुटगार्डने सुरी बाजूला ठेवली, हात एप्रनला पुसले. "रेमी फार बोलतो," ती म्हणाली.

"रेमीला मध्ये आणू नकोस. तूच बोल."

"काय बोलू? मला ते आवडत नव्हते. केस, वास, रात्रंदिवस कुरतडणं."

"मग नको म्हणायचं! मी विचारलं होतं. फोनवर विचारलं होतं, खरं सांग म्हणाले होते."

"नको म्हटलं असतं तर तू आली असतीस?"

नसती आली, हे दोघींनाही माहीत होतं.

"मला वाटलं होतं, तू येशील, आपण संध्याकाळी पत्ते खेळू, गप्पा मारू," लुटगार्ड म्हणाली. तिचा आवाज चढला. "तू आलीस आणि जमिनीवर जाऊन बसलीस. माझ्याकडे पाठ. जेफ सोन्या, मुस्कात राणी. मी इथे खुर्चीत. आईने मला ओळखलं नाही ते नाहीच, आता तू पण ओळखेनाशी झालीस."

"म्हणून मला वेडी ठरवलंस?"

"वेडी कोण म्हणालं?"

"मी मनातल्या मनात वारांची नावं मोजत होते, ताई. रस्त्यातून चालताना. मेंदूच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. तू दिवा धरून उभी राहिलीस आणि मी तुझ्यासमोर रांगत होते."

लुटगार्ड म्हणाली, "चुकलं." मग लगेच म्हणाली, "पण ससेच तर होते." हे दुसरं वाक्य ती बोलली नसती तर कदाचित वेगळं झालं असतं, असं कोलेट पुढे मला म्हणाली. मला तसं वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी ती शेतावर गेली. तिथल्या बाईने काही अडवलं नाही. पण जेफ आणि मुस्कातला त्यांनी वेगवेगळ्या खुराड्यांत ठेवलं होतं, नरांत नर, माद्यांत माद्या. जेफच्या कानाला चावा बसला होता. कोलेटने दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर मुस्कात त्याच्या अंगावर धावून गेली. सशांचं तसंच असतं. ताटातूट झाली की वास बदलतो आणि ओळख पुसते. बसमध्ये तिने दोन पिंजरे दोन बाजूंना घेतले आणि मध्ये स्वतः बसली.

नदीपलीकडे एका दुकानाच्या वर तिला दोन खोल्यांची जागा मिळाली. मिळेपर्यंतचे दिवस दोघी बहिणी एकाच टेबलावर जेवल्या. मीठ दे, पाणी हवंय का, एवढंच बोलणं. सामान नेताना लुटगार्ड वरच्या मजल्यावर बसून राहिली, खाली आली नाही.

नव्या जागेत सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन कुंपणं, दोन ट्रे, गवताच्या दोन टोपल्या. जेफ शिकला, पण मुस्कात हट्टाला पेटली होती. ती कुंपणाच्या जाळीला लागून, जेफच्या बाजूलाच लेंड्या टाकायची. कोलेट रोज उचलायची. मिऱ्याएवढ्या, मुस्कातच्याच. कोणावर संशय घ्यायचं कारण नव्हतं, याचंही तिला बरं वाटायचं.

फेब्रुवारीत लुटगार्ड आली. न कळवता, हातात टार्टचा खोका घेऊन. जिना चढून तिला धाप लागली होती. कोलेटने खुर्ची दिली, कॉफी ओतली. लुटगार्डने सशांकडे पाहून "बरे दिसतायत" म्हटलं. मग कप खाली न ठेवता म्हणाली, "परत ये. तेही येऊ देत. पुढच्या खोलीत ठेव हवं तर, गालिचा मी गुंडाळून वर टाकलाय."

कोलेटला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, हे तिलाच कळलं नाही. तिने सावकाश विचारलं, "सशांचं सोड, ताई. आईचं नाव का घेतलंस?"

लुटगार्ड कपाकडे बघत राहिली. "तोंडातून गेलं."

"नाही. विचार करून सांग."

"विचार केला तर सांगवणार नाही मला."

टार्ट दोघींनी खाल्ली. अंधार पडायच्या आत लुटगार्डला बस धरायची होती. फूटपाथवर बर्फ गोठलं होतं आणि तिच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून कोलेट कोट चढवून बरोबर उतरली. थांब्यापर्यंत तिने बहिणीचा दंड घट्ट धरून ठेवला. बस आली. लुटगार्ड वर चढून खिडकीशी बसली आणि काचेवरची वाफ हाताने पुसून बाहेर पाहू लागली.

कोलेटने हात केला नाही. बस पुलावर वळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग घरी गेली, कारण मुस्कातला गवत द्यायची वेळ झाली होती.